नव्याने मराठी टंकलेखन शिकणाऱ्यास

आपल्या लॅपटॉपच्या कळांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली असल्यामुळे ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ सापडत नाहीत, हा त्रास मी स्वतः अनेक वर्षे सोसला आहे. म्हणूनच कळकळीने सांगतो की, रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय जडण्यापूर्वीच इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाणित कळरचना, शिकून घ्यावे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. ‘एन’च्या कळीवर ल, तर शिफ्टसह ळ. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलून कामकाज मराठीत करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना याचा विशेष लाभ होतो, कारण ‘के’ची कळ तिन्ही भाषांत ‘क’च उमटवते.

खरी अडचण ‘ऱ्य’ची आहे. ‘जे’ दाबून र, ‘डी’ दाबून त्याचा पाय मोडला आणि पुढे य लिहिला, तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र उमटतो. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ हव्या असतील तर ‘जे’ शिफ्टसह दाबावे लागते.

‘ॲ’बाबतही सावध राहावे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र जोडून लिहिलेला ‘ॲडव्होकेट’ डोळ्यांना तोच दिसला, तरी संगणकाच्या लेखी तो निराळा शब्द असतो. नावांच्या यादीत एखादे नाव शोधूनही सापडत नसेल, तर प्रथम हीच तपासणी करावी.