‘आपण’ की ‘आम्ही’?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत आतले कोण आणि बाहेरचे कोण, यावरचा तुझा आराखडा दोनदा वाचला. सुरुवातीची अठरा पानं मानसशास्त्रज्ञ ताजफेलवर, आणि पौल उगवतो एकोणिसाव्या पानावर! ताजफेल मलाही आवडतो. पोलंडमधला ज्यू, युद्धकैदी झाला, युद्ध संपलं तेव्हा घरची बहुतेक माणसं उरली नव्हती. पुढे त्याने ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांचे क्ले आणि कान्डिन्स्की यांच्या चित्रांच्या आवडीवरून गट पाडल्याचं भासवलं, तर तेवढ्यावरही पोरं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. हे दोन पानांत सांग आणि पंगतीकडे वळ.

हो, पंगतच. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढ. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र सुंता न झालेल्यांच्या, म्हणजे यहूदी (ज्यू) नसलेल्यांच्या, बरोबरीने जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही जण आले, तसा तो मागे सरला, वेगळा राहू लागला. बाकीचे यहूदीही त्याच्यामागे गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. या प्रसंगात पेत्राच्या तोंडी एकही वाक्य नाही, बघ. त्याने फक्त जागा बदलली. जेवताना जागा बदलण्याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. करिंथ शहरात तर प्रभुभोजनालाच, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या जेवणालाच, पंक्तिप्रपंच: एक उपाशी, दुसरा झिंगलेला. हे तू तळटिपेत टाकलं आहेस, वर आण.

आता मला खरं सुचवायचं आहे ते. तू मराठीत लिहिते आहेस, त्याचा फायदा घे. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही, दोन्हींना एकच सर्वनाम. आपल्याला मात्र दर वेळी ठरवावं लागतं की ऐकणारा आत की बाहेर. गलती २:१५ घे: पौल स्वतःला धरून ज्यांना ‘जन्माने यहूदी’ म्हणतो ते कोण? पौल अजून पेत्राशीच बोलत असेल, तर ‘आपण’. तो गलतीकरांकडे वळला असेल, तर ‘आम्ही’, कारण ते यहूदी नव्हेत. मुळात अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे पेत्राशी बोलणं नेमकं कुठे संपतं यावर अभ्यासक आजही भांडतात.

मग १ करिंथ १०:१. रानातून, मेघाखालून, समुद्रातून गेलेले इस्राएल लोक, त्यांना पौल ‘पूर्वज’ म्हणतो. कुणापुढे? बहुतेक करिंथकर कालपरवापर्यंत मूर्तिपूजक. इथे ‘आमचे पूर्वज’ म्हटलंस तर ते नुसते श्रोते राहिले. ‘आपले’ म्हटलंस तर एका शब्दात त्यांना वंशावळ मिळाली! मी ‘आपले’च म्हणेन, कारण दोन अध्यायांनंतर, १२:२ मध्ये, तो त्यांना ‘तुम्ही परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) होता’ म्हणतो. होता, भूतकाळी. सुंता नाही, यहूदी झाले नाहीत, तरी परराष्ट्रीयही उरले नाहीत. मग आता कोण? त्याच्याकडे तयार नाव नाही, म्हणून तो पुन्हापुन्हा ‘बंधूंनो’ म्हणत राहतो.

इथेच मी तरुणपणी आपटलो होतो. गलतीकरांवरच्या माझ्या निबंधात पानोपानी ‘ख्रिस्ती विरुद्ध यहूदी’ असं लिहिलं होतं. आमच्या सरांनी ‘ख्रिस्ती’खाली लाल रेघ ओढून समासात विचारलं, ‘पौलाच्या कुठल्या पत्रात?’ मी रात्रभर शोधला. नाहीच. अख्ख्या नव्या करारात तो शब्द तीनदा येतो, दोनदा ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. अंत्युखियातला वाद यहूदी माणसांमधलाच होता, पौलासकट. ‘संकुचित यहूदी, उदार ख्रिस्ती’ ही मांडणी तुझ्या सातव्या पानावर डोकावते आहे. ती काढ, त्या मांडणीने पुढच्या शतकांत ज्यूंचे फार हाल केले आहेत.

रविवारपर्यंत गलतीकरांचा दुसरा अध्याय स्वतः ग्रीकमधून उतरव आणि प्रत्येक सर्वनामापाशी समासात लिही, ‘आम्ही’ की ‘आपण’, आणि का. पेन्सिलने लिही, खोडशील बरंच.

तुझा,
सर