म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप देताना

भावा, जमलं तर डॉक्टरांना घरीच बोलाव. दवाखान्याच्या पायरीवरच तो थरथरायला लागेल. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. जीव गेल्यावरही डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, लघवीही होते. दचकू नकोस, खाली जुनी चादर घाल. आदल्या दिवशी भडंग मागितलं तर लसूण काढून दे मूठभर. (आमच्या म्हाताऱ्या कुत्रीनं शेंगदाणे तेवढे वेचले, चुरमुरे आईच्या साडीवर सांडले.) दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र मनानं देऊ नकोस. पुरायचं तर मळ्यात, चांगलं खोल. कृष्णेच्या पूरपट्ट्यात नको, २०१९ आठव. पोरांना ‘झोपलाय’ सांगू नकोस, रात्री झोपायला घाबरतात. आणि दूधवाल्याला कळव, नाहीतर बिचारा गेटबाहेरूनच हाका मारत बसेल.