मानपाडाला की मानपाड्याला?

प्रश्न असा आला आहे: ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या बसमध्ये मानपाडा हा थांबा आला की काही जण ‘मानपाडाला उतरा’ म्हणतात, काही ‘मानपाड्याला’. विशेषनाम आहे, मग त्याला हात न लावणंच योग्य नाही का?

‘मानपाड्याला’ हेच बरोबर. आकारान्त पुल्लिंगी नामाला प्रत्यय लागताना ‘आ’चा ‘या’ होतो: घोड्याला, वाड्यात, पाड्यावर. गावांची नावंही याच वाटेने जातात. कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला आपण सहज म्हणतो. परप्रांतातल्या गावालाही मराठीने सोडलेलं नाही. शिवाजी महाराजांची सुटका आपण ‘आग्र्याहून’च सांगतो. विदर्भातलं उदाहरण तर फार सुंदर आहे: नदी स्त्रीलिंगी, म्हणून वर्धेला पूर येतो, गावाला जायचं तर वर्ध्याला.

विशेषनामाला हात लावायचा नाही, हा नियम माणसांच्या नावांपुरता ठीक. कृष्णाला, राणाला, दादाला. ‘मानपाडाला’ म्हटलं की मला तरी मानपाडा नावाच्या कुणाला निरोप धाडल्यासारखं वाटतं.

आता याच घोडबंदर रोडने माजिवड्याहून निघा. डावीकडे येऊरचे डोंगर, उजवीकडे लांबवर खाडी, आणि वाटेत जवळजवळ सगळं व्याकरण भेटतं. कापूरबावडी आणि कासारवडवली ईकारान्त स्त्रीलिंगी, त्यांना नुसतं ‘ला’ पुरे. टिकुजिनीवाडीला जायचं तर मानपाड्याला उतरा, पुढे पातलीपाड्याला. ओवळ्याची गंमत वेगळी. कुणी ‘ओवळा’ म्हणतं, कुणी ‘ओवळे’. प्रत्यय लागला की दोघांचं ‘ओवळ्याला’च होतं. माजिवडा-माजिवडे यांचंही तेच.

वाघबीळ मात्र थांबायला लावतं. बीळ नपुंसकलिंगी, त्याचं बिळाला, बिळात. तरी ‘वाघबीळला उतरतो’ हे चूक नाही. व्यंजनाने संपणाऱ्या गावांना ‘ला’ सरळ लागतो, ‘त’ लागताना मात्र रूप बदलतं: नागपूरला गेलो, नागपुरात राहिलो. गायमुखला, घोडबंदरला त्याच चालीचे.

‘मानपाडाला’ रुळतंय, ते मला वाटतं पाट्यांमुळे आणि हिंदीमुळे. थांब्यावर मूळ नाव लिहिलेलं असतं, ते तसंच असायला हवं. हिंदीत ‘मानपाडा में’ चालतं, तीच सवय मराठीत शिरते. आता वडाळा-कासारवडवली मेट्रो 4 ची स्थानकंही याच रस्त्यावर आहेत. नावं आणखी कानांवर पडतील, म्हणून हे आत्ताच सांगावंसं वाटलं.

नाव अखंडच ठेवायचं असेल, तर पुढे एक सामान्यनाम जोडा. मग वाकायचं काम ते करतं: मानपाडा नाक्यावर, मानपाडा थांब्याला. ‘ओवळा-माजिवडा’ या मतदारसंघाच्या नावातही तसंच, ‘ओवळा-माजिवड्यातून निवडून आले’. बदलतो तो शेवटचा शब्द.