बाळकैऱ्यांच्या खाराला पांढरी साय का धरते? व्हिनेगर घालावं का?

व्हिनेगर कशाला? कैरी मुळात आंबटढाण. मीठ कमी पडलंय, नाहीतर कैऱ्या खारावर तरंगतायत, म्हणून साय धरली. बाठ धरायच्या आतल्या, देठासकट उतरवलेल्या कैऱ्या घ्या. वाऱ्याने पडलेल्या नकोत, मार लागलेली कैरी हमखास नासते. किलोला पाव किलो खडे मीठ. हो, पाव किलो.

याच पाव किलोवरून आमच्याकडे महाभारत झालंय. आमचं घर सावंतवाडीकडचं, धाकटी जाऊ पुण्याची. चैत्रात ती गावी आली, माझी बरणी बघून म्हणाली, "ताई, एवढं मीठ? सगळ्यांना बीपी लागेल." तिने तिची बरणी वेगळी घातली, मूठभर मिठाची, वर उकळून गार केलेलं पाणी. माझ्या बरणीत कैऱ्यांवर ताटली, ताटलीवर नदीतला गोटा, तोंडाला फडक्याचा दादरा. गोव्यात अशीच चेपून ठेवतात, म्हणून तर चेपणीची तोरां (तोरां म्हणजे कैऱ्या) म्हणतात.

गणपतीत दोन्ही बरण्या उघडल्या. माझी कैरी सुरकुतलेली, ऑलिव्हसारखी हिरवट, दाताखाली कच्च वाजणारी. तिची बोटाने दाबली तर सालीतून गर बाहेर आला आणि वासाने दीर उठून ओसरीवर गेले. तरी बाईसाहेबांचं म्हणणं, बरणी ओली होती. बरणी मीच उन्हात वाळवून दिली होती!

मीठ कमी खायचं तर कैरी कमी खा. खायच्या आधी तासभर साध्या पाण्यात टाका, खारटपणा उतरतो. बरणीतलं मीठ कापून तब्येत सुधारत नाही, फक्त कैरी वाया जाते. हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं.

तुमची साय नुसती पांढरी, पातळ असेल, वास आंबूस आणि कैरी कडक असेल तर साय काढून टाका, मीठ वाढवा, वर वजन ठेवा. हिरवी-काळी लव दिसली तर मात्र सगळं फेका, वरवरचं काढून भागत नाही. आणि हे सगळं कैरीपुरतं. गाजर, फ्लॉवर, मटार आंबट नसतात, त्यांना लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागतंच आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवायची. वर तेल तरंगतंय म्हणून ती टिकतील असं समजू नका. ज्यांना खरंच बीपी आहे त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं, माझ्या जावेचं नाही.