बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, बायको सारखी रडते, डॉक्टर सांगतात ते सगळं तिला सांगावं का?

सांगा. सगळं सांगा आणि आजच सांगा.

तुम्ही लिहिलंय की ३१ व्या आठवड्यात डिलिव्हरी झाली, बाळ पेटीत आहे, बायकोला डिस्चार्ज मिळून ती घरी आलीय, दिवसभर रडते, घरातले म्हणतात वाईट काही तिच्या कानावर घालू नका, तर तिला खंबीर कसं ठेवायचं. ते "कानावर घालू नका" वाचलं आणि राहवलं नाही.

माझी मुलगी २९ व्या आठवड्यात झाली, ११४० ग्रॅम. सिझर. पाचव्या दिवशी मला घरी सोडलं, ती तिथेच. घरी सगळ्यांचं एकच, टाके ओले आहेत, आराम कर, तिथे जाऊन रडत बसलीस तर दूध आटेल. म्हणून मला दोन-तीन दिवसांनी एकदा न्यायचे, तेही दहा मिनिटं. मला करण्यासारखं एकच काम उरलं होतं, दूध काढणं. दर तीन तासांनी पंप, रात्री दोनलाही. सुरुवातीला बाटलीच्या तळाला जेमतेम ओल दिसायची, मग ५ मिली, मग १५, आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, नाव, तारीख, वेळ. नवरा सकाळी घेऊन जायचा. संध्याकाळी तो आला की चपला काढायच्या आधी मी विचारायचे, किती घेतलं? तो सांगायचा ३ मिली, पचलं. दुसऱ्या दिवशी ४ मिली. तीनाचे चार झाले एवढ्यावर माझी रात्र निघायची.

बाराव्या दिवशी त्याला जमणार नव्हतं म्हणून मी हट्टाने भावाला घेऊन गेले. बाटली एरवी सिस्टरच्या हातात द्यायची असते, पण त्या एका बाळापाशी अडकल्या होत्या, म्हणाल्या तुम्हीच ठेवा फ्रीजमध्ये. मी फ्रीज उघडला आणि आमच्या खणात माझ्याच अक्षरातल्या बाटल्या ओळीने उभ्या. कालच्या, परवाच्या. मोजल्या मी. अकरा. एकाही बाटलीचं झाकण उघडलेलं नव्हतं.

दोन दिवस तिचं फीड बंद होतं. पोट फुगलं होतं, आतड्याच्या इन्फेक्शनची शंका होती, नळी नुसती पोटातलं बाहेर काढायला ठेवली होती आणि सगळं सलाईनमधून चाललं होतं. डॉक्टरांनी हे नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि तो मला घरी येऊन सांगत होता, आज ५ मिली घेतलं.

तिचं पोट पुढे दोन दिवसांत उतरलं, फीड परत सुरू झालं, सिस्टरनी स्वतः फोन करून सांगितलं. पण मला ते खरंच वाटेना. वजन वाढलं म्हणाले तरी वाटायचं काहीतरी लपवतायत. घरात कोणी हळू आवाजात फोनवर बोललं की माझ्या पोटात गोळा. घरच्यांनी मला वाईट बातमीपासून वाचवायला जाऊन माझ्या सगळ्या चांगल्या बातम्या घालवल्या, हे त्यांच्या अजूनही लक्षात येत नाही.

४७ दिवसांनी ती घरी आली. सगळे म्हणाले, झालं, सुटलीस. उलट मी तेव्हा जास्त बिघडले. ती गाढ झोपलेली असायची आणि मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. मायक्रोवेव्ह वाजला तरी मॉनिटरचा अलार्म समजून धावायचे. हे पाच महिने चाललं, कोणाला आजार वाटला नाही, कारण मी स्वयंपाक करत होते, बाळाचं सगळं करत होते. शेवटी लसीकरणाला गेले असताना तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून एक फॉर्म भरायला दिला. एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून वापरतात, १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचे विचार आले का हा आहे. त्या प्रश्नाशी मी बराच वेळ पेन धरून बसले होते. मग समुपदेशन झालं, गोळ्या झाल्या. अंगावर पाजत असतानाही देता येतात अशा गोळ्या असतात, त्यामुळे पाजतेय म्हणून औषध नको हे घरात कोणी म्हणालं तर डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे रडू येणं, मन हळवं होणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप निवळतं. त्याच्या पुढे गेलं, किंवा बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, बाळाजवळ जायचीच भीती वाटते, सारखं "माझ्यामुळेच झालं" चाललंय, तर फॉर्मची वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा. आणि भास व्हायला लागले, काहीतरी भलतंच बोलायला लागली, मरायचं किंवा बाळाला काही करायचं बोलली, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा, तिला एकटी सोडू नका.

खंबीर कसं ठेवायचं विचारलंत. मला माहीत नाही आणि मला तो शब्दच आवडत नाही. तिला आईचं काम द्या. डायपर बदलणं, तोंडात दुधाचा बोळा फिरवणं, पेटीच्या भोकातून हात घालून डोक्यावर आणि पायावर स्थिर हात ठेवणं. हे बहुतेक ठिकाणी सिस्टर शिकवतात, पण विचारावं लागतं. आणि कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणं, कधी सुरू करता येईल ते पहिल्यांदा विचारा. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला डॉ. एडगर रे सानाब्रियांनी पेट्या पुरत नाहीत म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली तिथून हे आलंय. मला एकोणिसाव्या दिवशी मिळालं. उघड्या छातीवर ती पालथी ठेवली, वरून चादर, आणि समोरच्या मॉनिटरवर ८९-९१ करत नाचणारा ऑक्सिजनचा आकडा दहा मिनिटांत ९६ वर जाऊन बसला. त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदा सलग चार तास झोपले.

माझा नवरा आजही म्हणतो, तेव्हा तुला झेपलं नसतं, मी तुझ्या भल्यासाठीच केलं. आमचा या एका विषयावर इतक्या वर्षांत समेट झालेला नाही. मी त्याला २०२१ मधला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास वाचून दाखवलाय. पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर कांगारू केअर दिली, त्यासाठी आयांना एनआयसीयूतच पलंग दिले, आणि बाळं स्थिर व्हायची वाट बघून मग कांगारू देण्याच्या पद्धतीपेक्षा मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आईला आत ठेवायचं होतं, घरी पाठवून आराम करायला लावायचं नव्हतं. तो म्हणतो ते बाळांचं आहे, तुझ्या मनाचं नाही. पण मला झेपलं की नाही हे त्याने कधी बघितलंच नाही. मला झेपलं. फ्रीजसमोर एकटीने उभं राहून झेपलं. तो शेजारी असता तर जरा कमी जड गेलं असतं, इतकंच माझं म्हणणं आहे.

हो, एक राहिलं. सगळ्यांनाच प्रत्येक आकडा ऐकायचा नसतो. माझ्या ओळखीत एक जण होती, ती स्वतःच म्हणायची मला फक्त आज काय ते सांगा, पुढचं नको. तेही बरोबर. पण ते तिने ठरवलं होतं. तुमच्या बायकोला विचारा तुला किती ऐकायचंय, आणि ती म्हणेल तेवढं सांगा, त्यात स्वतःचं काही घालू नका, गाळू नका. आणि तुम्हीही कुठेतरी मोकळे व्हा, बापांनाही डिप्रेशन येतं, माझ्या नवऱ्याला तेव्हा कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

उद्या राऊंडच्या वेळी तिला बरोबर न्या. डॉक्टर बोलत असतील तेव्हा तिला खुर्ची मागून घ्या, टाक्यांनी फार वेळ उभं राहवत नाही.