डोमिसाइल आहे, मग बारावी राज्याबाहेर केली तर चालेल का?

दहावीचा निकाल लागला की मेडिकलचा हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतातच. जळगावहून आलेल्या एका कुटुंबाने मुलीची अकरावी राजस्थानात, कोट्याला नक्की केली होती. क्लासचा पहिला हप्ताही भरून झाला होता. वडिलांनी फाइलमधून लॅमिनेट केलेला अधिवासाचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. "सर, आमच्या पिढ्या इथंच गेल्या. एमबीबीएसच्या राज्याच्या ८५ टक्के जागांत ही बसणारच ना?"

नुसत्या दाखल्यावर नाही बसणार. महाराष्ट्रात त्या जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, कॉलेज मात्र महाराष्ट्रातलं हवं. बदलीच्या केंद्रीय नोकरीतल्या आणि सैन्यातल्या पालकांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत. यांचं किराणा दुकान, त्यामुळे तो मार्ग नव्हता.

वडिलांना पटेना. शेजाऱ्यांचा मुलगा कोट्याहून बारावी करून पुण्यात इंजिनीअरिंगला लागला होता. तेही खरंच. इंजिनीअरिंगला आई किंवा वडिलांचा अधिवास असला, तरी बाहेरून बारावी केलेल्याला महाराष्ट्राचा उमेदवार धरतात. मेडिकलला तसं नाही. ही गल्लत पाहून माझा जीव तुटतो, कारण अनेकांना ती नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल हातात आल्यावर कळते. मग मुख्यतः उरतात सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, जिथं साऱ्या देशाशी चुरस. नाहीतर अभिमत म्हणजे डीम्ड, बहुतेक खासगी विद्यापीठं. सरकारी कॉलेजात वर्षाची फी दीड लाखाच्या आसपास, अभिमतला सहज २० लाखांच्या पुढे.

"मग नाव जळगावच्या कॉलेजात ठेवून हिला क्लासला तिकडे पाठवली तर?" आईने विचारलं. मी स्पष्ट नको म्हणालो. हजेरी नसलेल्यांना परीक्षेला बसू देणार नाही, असं सीबीएसईने बजावलेलं आहे. दोन वर्षं मुलीने त्या धास्तीत का काढावीत?

इतका वेळ गप्प असलेली मुलगी तेव्हा बोलली. "लातूरला मावशी आहे. मला तिथंच जायचं होतं." लातूरला नीटची तयारी जोरात होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हप्ता परत मागण्याचा अर्ज वडिलांनी तिथंच लिहिला. पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही, हे मी सांगितलं होतं. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात लातूरची कॉलेजं वरच्या पसंतीला गेली. प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या राज्य सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, ती दोन वर्षांनी अर्ज भरण्याआधी पुन्हा वाचा, एवढं मी त्यांना कागदावर लिहून दिलं.