रोमचं कोलोसियम नेमकं किती मोठं होतं? आणि ते गोल आहे का?

गोल नाही, लंबवर्तुळाकार आहे. बाहेरून लांबी सुमारे 189 मीटर, रुंदी 156 आणि उंची जवळपास 48 मीटर, म्हणजे आजची पंधरा-सोळा मजली इमारत. मधलं मैदान मात्र त्या मानाने लहान, साधारण 83 बाय 48 मीटर. त्यावर वाळू पसरलेली असे. 'अरेना' हा शब्दच वाळूच्या लॅटिन नावावरून आलाय.

मला सगळ्यात भारी वाटते ती दारांची योजना. खाली 80 कमानी, त्यांतल्या 76 वर रोमन आकडे कोरलेले. आपला आकडा बघायचा, त्याच कमानीतून आत शिरायचं, जिना चढायचा. उरलेल्या काही कमानींवर ते आकडे आजही दिसतात. पन्नासेक हजार माणसं आत-बाहेर करायची म्हणजे एवढी शिस्त हवीच!

बांधकाम सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलं, उद्घाटन त्याचा मुलगा टायटसने इ.स. 80 मध्ये केलं. फोटोत मैदानाच्या जागी ज्या भिंतींचं जाळं दिसतं, ते खरं तर तळघर. त्यावर लाकडी फळ्यांची जमीन होती. पिंजऱ्यातले प्राणी खालून दोरखंड-चरख्यांनी ओढून थेट वर मैदानात सोडत.